मोटारसायकलवरचा अ‍ॅक्शन कॅमेरा: पकड, कंप आणि सुटण्याची जागा

मोटारसायकलवर बसवलेल्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर एकाच वेळी चार बले काम करतात: त्याचे स्वतःचे वजन, खड्ड्यांचे हिसके, समोरून येणारा वारा आणि इंजिनचा कंप. कॅमेरा तसा हलका असतो. गोप्रोचे हिरो ९ ते हिरो १२ हे कॅमेरे बॅटरीसकट १५५ ग्रॅमच्या आसपास भरतात, तर डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ हा १४५ ग्रॅमचा. एवढ्या वस्तूला धरून ठेवण्यात अवघड काय, असे वाटू शकते. पण कॅमेरा आणि गाडी यांच्यामध्ये सहसा चार-पाच जोड असतात. गाडीच्या नळीवर क्लॅम्प, क्लॅम्पवर बॉल किंवा आर्म, आर्मच्या टोकाला बोटांसारख्या पात्यांचा सांधा, त्यात बोल्ट आणि शेवटी कॅमेऱ्याची स्वतःची पाती किंवा खटका. यातला सर्वात दुबळा जोड जेवढे सोसेल तेवढीच सगळ्या जोडणीची ताकद. म्हणून माउंट विकत घेताना आणि बसवताना विचारायचा प्रश्न असा: यातले काय आधी सुटेल, आणि ते सुटले तर कॅमेरा कुठे जाईल?

भोपाळ आणि त्याच्या परिसरातले रस्ते या प्रश्नाची चांगली परीक्षा घेतात. मोठ्या तलावाच्या काठाने जाणारा व्हीआयपी रोड गुळगुळीत आहे, तर जुन्या शहरातल्या गल्ल्यांत दर थोड्या अंतरावर गतिरोधक लागतो. रविवारी सकाळी गाड्या बाहेर निघतात त्या बहुधा तीन दिशांनी: राष्ट्रीय महामार्ग १४६ वरून कर्कवृत्ताची खूण ओलांडून सांचीकडे, महामार्ग ४६ वरून ओबेदुल्लागंजमार्गे भीमबेटकाकडे, किंवा त्याहून जवळच्या भोजपूरकडे. सांची आणि भीमबेटका ही दोन्ही ठिकाणे शहरापासून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहेत. एवढ्या एका फेरीत शहराची रहदारी, महामार्गाचा वेग आणि शेवटचा अरुंद, खडबडीत तुकडा असे सगळे येते. त्यात मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर जाणारा पारा आणि जूनच्या मध्यानंतर सप्टेंबरपर्यंतचा पाऊस. पुण्या-मुंबईहून बदलीवर येऊन इथे स्थायिक झालेल्या, आणि त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झालेल्या मराठी घरांतले तरुणही या सकाळच्या फेऱ्यांत असतात. १९५७ साली भीमबेटकाची चित्रे जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर मराठी असल्यामुळे त्या रस्त्याचे चित्रण करण्यात या तरुणांना वेगळी आस्था वाटणे साहजिक आहे.

चार बलांपैकी वजनाची चिंता सर्वात कमी. वाऱ्याचा दाब मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. कॅमेऱ्याचा समोरचा भाग सुमारे सात बाय पाच सेंटिमीटरचा धरला, तर ताशी ६० किलोमीटरला त्यावर येणारा जोर जेमतेम ६०-६५ ग्रॅम वजनाएवढा भरतो. ताशी १०० ला तोच सुमारे १८० ग्रॅमवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या वजनाच्याही वर जातो. कॅमेरा हेल्मेटच्या माथ्यावर असेल तर हा जोर मान मागे ढकलत राहतो. महामार्गावर तासभर गेल्यावर मान दुखते ती यामुळेच.

हिसक्याचा जोर आर्मच्या लांबीवर अवलंबून असतो. वीस सेंटिमीटरच्या आर्मच्या टोकाला १५५ ग्रॅमचा कॅमेरा असला, तर मुळाशी येणारा पीळ गाडी उभी असताना ०.३ न्यूटन-मीटर एवढाच असतो. खड्ड्यात गाडी आदळून क्षणभर गुरुत्वाच्या पाचपट हिसका बसला की तो दीड न्यूटन-मीटर होतो. हाताने आवळलेल्या प्लॅस्टिकच्या सांध्याला घसरायला एवढा पीळ पुरतो. म्हणूनच कॅमेरा अर्ध्या रस्त्यात मान टाकतो आणि घरी आल्यावर टाकीचेच चित्रण सापडते. आर्म आखूड ठेवणे हा यावरचा सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित उपाय.

आता कंप. याचे गणित थोडे बारकाईने पाहावे लागते, कारण कॅमेरा पडत नसला तरी चित्र बिघडवणारे मुख्य कारण तेच आहे. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना सेकंदाला ५० फेरे होतात. पिस्टन दर फेरीत एकदा वर-खाली होतो, म्हणून गाडीची चौकट ५० हर्ट्झने थरथरते, आणि त्याच्या दुपटीचा, १०० हर्ट्झचा दुय्यम कंप त्यात मिसळतो. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही. तो वरपासून खालपर्यंत ओळीमागून ओळ वाचतो. हे वाचन चालू असतानाच कॅमेरा हलला की वरच्या ओळी एका जागी आणि खालच्या दुसऱ्या जागी टिपल्या जातात. परिणामी विजेचा खांब सरळ न दिसता नागमोडी दिसतो आणि सगळे चित्र जेलीसारखे थरथरते. गोप्रोने २०१८ मध्ये हिरो ७ ब्लॅकबरोबर हायपरस्मूथ हे स्थिरीकरणाचे तंत्र आणले, डीजेआयचे रॉकस्टेडी आणि इन्स्टा३६०चे फ्लोस्टेट त्याच जातीचे. ही तंत्रे कॅमेऱ्यातल्या जायरोच्या नोंदींवरून चित्र सरकवतात. हात हलणे, गाडी झुकणे, खड्ड्यावरून उसळणे अशा मंद हालचाली त्यांनी जवळपास नाहीशा केल्या. इंजिनचा जलद कंप मात्र एका चित्राच्या आतच घडून जातो, तिथे त्यांचा हात पुरा पोचत नाही. जोडणी चांगली नसेल तर महागडा कॅमेराही वाईट चित्र देतो, त्याचे कारण हे.

या कंपात आर्मची लांबी पुन्हा आड येते. एका टोकाला पक्क्या केलेल्या दांडीची लांबी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठवा हिस्सा उरतो, आणि दुसऱ्या टोकाला तेच वजन असेल तर ती ज्या वारंवारतेने स्वतःहून डोलते ती जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. आखूड, जाड आर्मची ही वारंवारता इंजिनच्या नेहमीच्या कंपाच्या वर राहते. लांब, बारीक आर्मची ती नेमकी त्या पट्ट्यात उतरते आणि कंप कमी होण्याऐवजी कित्येक पटींनी वाढतो. एखाद्या ठरावीक वेगालाच चित्र खराब येते आणि त्याच्या वर-खाली ठीक येते, तेव्हा हेच घडलेले असते. रबरी बुश किंवा जेलची गादी असलेले माउंट याच्या उलट वाटेने जाते. ते मुद्दाम मऊ असते, त्यामुळे जलद कंप त्याच्या पलीकडे पोचत नाही, पण खड्ड्यात कॅमेरा जास्त डोलतो. ती मंद डोलणी कॅमेऱ्यातले स्थिरीकरण सांभाळून घेते, म्हणून आजच्या कॅमेऱ्यांसाठी ही जोडी चांगली जमते. गाडीचाही यात वाटा आहे. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२० मध्ये मीटिओर ३५० बरोबर आणलेल्या आणि पुढच्या वर्षी क्लासिक ३५० मध्ये घातलेल्या ३४९ सीसी इंजिनात कंप मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे. त्याआधीच्या ३४६ सीसी इंजिनात तो नव्हता. जुन्या बुलेटच्या हँडलवर कडक धातूचे माउंट लावून मिळणारे चित्र आणि नव्या गाडीवरचे चित्र यांत फरक पडतो तो इथून.

चित्रणाचे काम मोबाइलकडून करून घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले की मोठ्या इंजिनांच्या मोटारसायकलींचा कंप आयफोनच्या कॅमेऱ्यातील ऑप्टिकल स्थिरीकरण आणि ऑटोफोकस बिघडवू शकतो. मोबाइलच्या लेन्समागे सूक्ष्म हलणारे भाग असतात. बहुतेक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांत ते नसतात, म्हणून गाडीवर हे कॅमेरे टिकतात.

जागा निवडताना पहिली विभागणी स्प्रिंगच्या वरचे आणि स्प्रिंगच्या खालचे भाग अशी करावी. पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरची खालची नळी, चाकाबरोबर हलणारा मडगार्ड, मागचा स्विंगआर्म हे सगळे रस्त्याचा हिसका थेट घेतात. तिथून दिसणारे फिरते चाक आकर्षक असते, पण माउंट सर्वात लवकर तिथेच तुटते आणि तुटून चाकाजवळच पडते. तिथे कॅमेरा न लावणे हाच शहाणपणा. स्प्रिंगच्या वरच्या भागांत क्रॅश गार्ड आणि चौकटीची नळी या सर्वात भक्कम जागा. हँडलबरोबर त्या वळत नाहीत, त्यामुळे चित्रात रस्ता स्थिर राहतो. क्रॅश गार्डची एक अडचण अशी की गाडी पडली की जमिनीला तोच आधी टेकतो, म्हणून कॅमेरा नळीच्या आतल्या बाजूला लावावा.

हँडल सगळ्यांच्या सोयीचे. नेहमीच्या हँडलची नळी २२ मिलिमीटरची असते. निमुळत्या जाड हँडलची मधली जागा २८.६ मिलिमीटरपर्यंत जाते. क्लॅम्प नळीपेक्षा मोठा असेल तर लोक सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळतात. एक पदर असेल तर त्याने पकड सुधारते, पण तीन-चार पदर केले की क्लॅम्प रबरावर सरकू लागतो. योग्य मापाचा क्लॅम्प घेणे केव्हाही बरे. बसवल्यावर हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवून पाहावे. कॅमेरा टाकीला लागता कामा नये, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल किंवा ब्रेकची नळी ताणली जाता कामा नये, आणि मीटर, इंडिकेटर, हेडलाइट यांपैकी काहीही झाकले जाता कामा नये.

आरशाच्या भोकात बसणारे माउंट लहान आणि नीटस असते. बऱ्याच मोटारसायकलींच्या आरशाचा दांडा १० मिलिमीटर व्यासाचा आणि १.२५ पिचचा असतो. काही स्कूटरना तो ८ मिलिमीटरचा येतो, आणि यामाहाच्या पुष्कळ गाड्यांत उजव्या आरशाची आटी उलटी असते. ती माहीत नसताना पान्याने जोर लावला तर आटी मरते आणि सगळा ब्रॅकेटच बदलावा लागतो. आरशाच्या दांड्यावरच लावलेला कॅमेरा मात्र टाळावा. तो दांडा स्वतःच थरथरत असतो, आणि आरसा ढिला झाला तर मागचे दिसेनासे होते. चित्रणापेक्षा मागून येणारा ट्रक दिसणे महत्त्वाचे.

क्लॅम्प आणि आर्ममध्ये धातू की प्लॅस्टिक, याचे उत्तर ठिकाणावर आहे. नळीला धरणारा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असावा. रॅम माउंटसारख्या प्रणालीत एक इंचाचा रबर चढवलेला बॉल आणि दोन्हीकडून आवळणारा आखूड आर्म असतो. तिथे घर्षण मोठ्या पृष्ठभागावर पसरते, म्हणून ती पात्यांच्या सांध्याहून बरीच कमी घसरते, आणि रबरामुळे थोडा कंपही खाते. पात्यांच्या सांध्यात ५ मिलिमीटरचा बोल्ट असतो. त्याची घुंडी बोटांनी फिरवून पुरेशी आवळली जात नाही, म्हणून छोटा पाना किंवा एलन की लागणारा बोल्ट वापरावा. घासून गुळगुळीत झालेली पाती जोर लावूनही धरत नाहीत, ती बदलायचीच. धातूच्या नट-बोल्टवर निळ्या रंगाचा, म्हणजे पुन्हा उघडता येणारा थ्रेडलॉकर एक थेंब चालतो. प्लॅस्टिकच्या पात्यांजवळ तो लावू नये, कारण एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात आणि माउंट काही दिवसांनी कारण नसल्यासारखे तुटते.

व्हॅक्यूमचा कप मोटारसायकलसाठी सर्वात बेभरवशाचा. तो गुळगुळीत, सपाट पृष्ठभाग मागतो आणि टाकी गोलसर असते. हिवाळ्यात पहाटे दहा अंशांत लावलेला कप दुपारच्या उन्हात तापला की आत उरलेली हवा प्रसरण पावते आणि पकड सैल होते. लोहचुंबकाचे माउंट फक्त लोखंडी टाकीवर चालते. बऱ्याच गाड्यांच्या टाकीवर वरून प्लॅस्टिकचे आवरण असते, तिथे ते उपयोगाचे नाही.

चिकटपट्टीबद्दल गैरसमज दोन्ही टोकांचे आहेत. चांगली अ‍ॅक्रिलिक फोमची पट्टी, थ्रीएमची व्हीएचबी हे तिचे प्रसिद्ध उदाहरण, नीट लावली तर अनेक क्लॅम्पांहून पक्की ठरते. घाईत लावली तर पहिल्या गतिरोधकावर निघते. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या समभाग मिश्रणाने पुसावा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये, त्याने तेलकट थर राहतो आणि हेल्मेटचे प्लॅस्टिकही खराब होते. पट्टी बोट न लावता बसवून अर्धा मिनिट जोराने दाबावी. साधारण तापमानाला वीस मिनिटांत तिला निम्मी ताकद येते, चोवीस तासांत नव्वद टक्के, आणि पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात. म्हणून रविवारच्या फेरीसाठी ती बुधवारी रात्री लावलेली बरी. भोपाळच्या थंडीत पहाटे उघड्यावर पट्टी लावू नये, दहा अंशांखाली ती नीट धरत नाही. पावसाळ्यात हवेतला दमट थर पुसूनही लगेच परत येतो, तेव्हा पंख्याखाली कोरड्या खोलीत काम करावे. मॅट रंगावर आणि स्टिकरवर ती लावूच नये. स्टिकरवर लावलेली पट्टी सुटत नाही, पण स्टिकर सुटतो. मे महिन्यात काळी टाकी उन्हात हात लावू देत नाही इतकी तापते. त्या उष्णतेत अस्सल पट्टी टिकते, बाजारात तिच्या नावाने मिळणारा साधा फोम वितळल्यासारखा होऊन सरकतो. काढताना केस वाळवायच्या यंत्राने गरम करून मागून मजबूत धागा आरीसारखा ओढावा.

हेल्मेटचा प्रश्न वेगळा काढावा लागतो, कारण इथे पक्केपणाचा अर्थच बदलतो. गाडीवर कॅमेरा शक्य तितका घट्ट हवा. डोक्यावर तो ठरावीक धक्क्याला सुटायला हवा. हेल्मेटचे बाहेरचे कवच गुळगुळीत आणि गोल असते ते रस्त्यावरून घसरावे म्हणून. त्यावरचा उंचवटा रस्त्यात अडकला तर डोके फिरते, आणि मेंदूला होणाऱ्या इजेत अशा फिरण्याचा मोठा वाटा असतो. म्हणून माथ्यावर उभा केलेला कॅमेरा आणि त्याहून वाईट म्हणजे त्याखालचा आर्म टाळावा. कवचाला भोक पाडणे कोणत्याही कारणासाठी मान्य करता येणार नाही.

कायद्याची बाजूही इथेच येते. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वाराला हेल्मेट घालायला लावते. १ जून २०२१ पासून देशात बीआयएस चिन्हाचीच, म्हणजे आयएस ४१५१ प्रमाणे तपासलेली हेल्मेट विकता येतात. ही तपासणी कॅमेऱ्याशिवायच्या हेल्मेटची असते. २०२२ मध्ये केरळच्या मोटार वाहन विभागाने हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांवर बंदी घातली, ती हाच मुद्दा पुढे करून. युरोपातला २२.०६ हा नवा नियमही हेल्मेटबरोबर तपासून मंजूर झालेल्या जोडणीलाच मान्यता देतो. भोपाळमध्ये १ ऑगस्ट २०२५ पासून हेल्मेट नसेल तर पंपावर पेट्रोल न देण्याचा आदेश जिल्हा प्रशासनाने काढला. हेल्मेटचा आग्रह एवढा वाढत असताना त्याच हेल्मेटला कॅमेऱ्याने कमकुवत करणे योग्य नाही, आणि परराज्यात जाताना तिथला नियम आधी पाहणे आवश्यक आहे.

तरीही स्वाराच्या डोळ्यांना दिसते तसे दृश्य हवेच असेल तर हनुवटीची जागा त्यातल्या त्यात बरी. फुल-फेस हेल्मेटच्या हनुवटीवर पट्ट्याने किंवा चिकटपट्टीने बसणारे माउंट वाऱ्याला कमी अडते, कॅमेरा मानेच्या जवळ राहतो आणि दृष्टीच्या रेषेतले चित्र मिळते. कॅमेरा पातळ प्लॅस्टिकच्या पात्यांवर ठेवावा, धातूच्या नव्हे. जोराचा धक्का बसला की पाती मोडतील आणि कॅमेरा निघून जाईल, हेच अपेक्षित आहे. हाच विचार लोहचुंबकाच्या खटक्यालाही लागू होतो. हाफ-फेस हेल्मेटला हनुवटीच नसते, तेव्हा तिथे काही लावण्याचा प्रश्न येत नाही.

छातीचा पट्टा हा मधला मार्ग. स्वाराचे शरीर हाच इथे शॉकअ‍ॅब्सॉर्बर होतो, इंजिनचा कंप जवळपास संपतो आणि चित्रात हँडल व मीटर दिसतात. गाडीवर पुढे झुकून बसणाऱ्याला मात्र टाकीच दिसते. पडताना छातीवर कठीण वस्तू असणे हा धोका इथेही आहे, आणि जाकिटावरून घट्ट आवळलेला पट्टा लांबच्या प्रवासात श्वासाला जाचतो.

सेफ्टी दोरी गाडीवरच्या प्रत्येक कॅमेऱ्याला हवी. ती माउंटला न बांधता गाडीच्या नळीला बांधावी, कारण माउंटच निघाले तर दोरीही त्याबरोबर जाते. तिची लांबी मोजून ठेवावी. लोंबणारा कॅमेरा पुढच्या चाकापर्यंत, चेनपर्यंत किंवा सायलेन्सरपर्यंत पोचता कामा नये. पुढच्या चाकाच्या स्पोकमध्ये दोरी गेली तर कॅमेरा हरवण्याहून कितीतरी मोठे नुकसान होते. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला मात्र न तुटणारी दोरी बांधू नये. तिथे सुटलेला कॅमेरा सुटूच द्यावा.

बाहेरच्या चार्जिंगची वायर लावली तर हँडल पूर्ण वळेल एवढी ढील तिला द्यावी आणि झिप टायने नळीला धरावी. बॅटरीचे दार उघडे राहिल्यावर कॅमेऱ्याचा पाण्यापासूनचा बचाव उरत नाही, म्हणून पावसाळ्यात वायर नकोच. उन्हाळ्यात अडचण उलटी. बरेच उत्पादक ३५ ते ४५ अंशांपर्यंतची मर्यादा सांगतात. धावत्या गाडीवर वाऱ्याने कॅमेरा थंड राहतो, सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाशी थांबल्यावर काही मिनिटांत तापून बंद पडतो. थांबताना चित्रण बंद करणे पुरेसे आहे.

बसवून झाल्यावर कॅमेरा हाताने धरून हलवावा. हालचाल गाडीची व्हायला हवी, कॅमेऱ्याची नव्हे. प्रत्येक नटवर आणि त्याखालच्या क्लॅम्पवर मार्करने एक सरळ रेघ मारावी. नट थोडा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, आणि चहाला थांबल्यावर एका नजरेत कळते. पहिले एक-दोन किलोमीटर शहरातच फिरून पुन्हा आवळावे, कारण रबराची पट्टी दाबली जाऊन क्लॅम्प सैल होतो. त्यानंतर पन्नासेक किलोमीटरवर, म्हणजे सांची किंवा भीमबेटकाला पोचल्यावर, परतीच्या आधी एकदा पाहावे. चाचणीचे चित्रण मोबाइलच्या छोट्या पडद्यावर न पाहता घरी मोठ्या पडद्यावर पाहावे. जेलीचा थरथराट छोट्या पडद्यावर लपतो.

अपघातानंतर हेच चित्रण पुरावा म्हणून लागू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यासाठी मूळ फाइल कार्डावर न छेडता ठेवावी, कापून-जोडून केलेली प्रत पुरेशी नसते. एकदा पडलेल्या गाडीवरचे माउंट दिसायला धड असले तरी पुन्हा वापरू नये. प्लॅस्टिकमधले तडे आतून सुरू होतात. उन्हात पांढुरकी पडलेली पाती, कडक झालेले रबर आणि एकदा उखडलेली चिकटपट्टी हीसुद्धा टाकून द्यायची.